टॉवेलाखालचा पहिला नंबर

तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि शफीकभाईच्या उजव्या हातावर टाकला. हातात माऊस होता, तोही झाकला गेला.

"तात्या, हे काय?"

"बोटं दे."

"अहो, माऊस धरलाय."

"सोड तो. कुठं पळून जातोय. बोटं दे."

शफीकभाईनं माझ्याकडं बघितलं. मी कॉम्प्युटरच्या बाजूला लावलेल्या पॅनकार्डच्या जाहिरातीकडं बघितलं. मागच्या बाकड्यावर आमच्या आळीतली निम्मी माणसं आपापल्या पोरापोरींना घेऊन बसली होती. सगळ्यांच्या पुढं हवालदार कुदळे. त्यांची मयूरी माझ्या वर्गातली, माझ्यापेक्षा चांगले मार्क पडलेली. कुदळे ड्युटीवरून थेट आलेले, अंगावर वर्दी, मांडीवर टोपी.

अकरावीचं ॲडमिशन ऑनलाइन झालं त्याची ही गोष्ट. त्याआधी ज्या कॉलेजात जायचं तिथं जाऊन रांग लावायची. आता घरबसल्या दहा कॉलेजांची नावं द्यायची. सगळ्यात आवडीचं पहिलं, मग दुसरं, मग तिसरं. बाकी कॉम्प्युटर बघून घेणार. आमच्या मोशीत घरबसल्या म्हणजे शफीकभाईच्या दुकानात बसल्या.

आणि माझे वडील चाकणच्या बैलबाजारात दलाल होते.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणाऱ्याचा आणि दलालाचा हात टॉवेलाखाली जातो आणि बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा हात दाबला की पंजा, म्हणजे पाच. वर दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत असतात. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला वाटावं की हे पाहुणे आहेत. तात्यांनी तीस वर्षं हेच केलं होतं. त्यांची बोटं इतकी बोलकी होती की आई म्हणायची, ह्यांच्या तोंडाला देवानं सुट्टी दिली असती तरी चाललं असतं.

"अहो, गुदगुल्या होतायत," शफीकभाई म्हणाला.

"पहिल्या नंबरला कुठलं टाकायचं ते सांगतोय. नीट ध्यान दे."

स्क्रीनवर आमची दहा नावं ओळीनं होती. सगळ्यात वर प्रबोधन कॉलेज. मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं आणि आमच्या भागात बायोलॉजीसाठी प्रबोधनचं नाव होतं. पाचवीपासून मी ते ठरवलं होतं. सगळ्यात खाली, दहाव्या ओळीत, कै. यमुनाबाई वाळुंज ज्युनियर कॉलेज. हे नाव दहा भरायची म्हणून भरलं होतं. मागच्या वर्षी तिथला कटऑफ पस्तीस होता. म्हणजे तिथं कटऑफ नव्हताच, तिथं नुसतं पास व्हावं लागायचं.

टॉवेल दोनदा हलला. शफीकभाईचा चेहरा पडला.

"तात्या, चुकून दोनदा पंजा दाबला का?"

"चुकून मी आयुष्यात कुणाचं बोट दाबलेलं नाय."

"म्हणजे दहावं? पहिल्या नंबरला?" त्यानं आवाज एकदम खाली आणला. "आणि प्रबोधन?"

एक बोट, मग जरा थांबून दोन. पहिलं नाव दुसऱ्या नंबरला.

"तात्या, ऐका माझं. नियम आहे. पहिल्या नंबरचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पोरगी बाहेर. मग सगळ्यांचं झाल्यावर जे शिल्लक राहील ते."

"ते घाबरवायला लिवलेलं असतं."

"सरकारनं लिहिलंय."

"मग तर नक्कीच."

मी हळूच म्हटलं, "तात्या, आई म्हणत होती सरळ लिहा."

"तुझी आई कधी बाजारात आलीय का?" तात्या माझ्या कानाशी वाकले. "हर्षे, जो बैल घ्यायचाय त्याच्याकडं बघायचं नसतं. बघितलं की विकणाऱ्याला कळतं आणि भाव चढतो. आपण भलत्याच बैलाच्या पाठीवरनं हात फिरवायचा. दात बघायचे. विकणारा आपला त्या भलत्याच्या पाठी लागतो. मग जाता जाता म्हणायचं, हा दुसरा कसा दिला? आणि पहिलं मागितलेलं कुणी कधी देतं का? पहिल्या बोटाला मी तीस वर्षांत कुणाला हो म्हणलेलं नाय. पहिल्याला नाय म्हणायचं आणि दुसऱ्याला बसायचं. कॉम्प्युटर पण तेच करणार."

आता सांगताना हे वेडेपणाचं वाटतं. तेव्हा मला ते पटलं. एकतर मी पंधरा वर्षांची होते. दुसरं म्हणजे तात्या बाजारात फसल्याचं कुणी बघितलेलं नव्हतं.

शफीकभाईनं सुस्कारा सोडून बटण दाबलं. फॉर्म लॉक झाला.

"आता उघडत नाही," तो म्हणाला.

"दावं बांधलं म्हण की," तात्या खूश होऊन म्हणाले आणि टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

बाहेर पडताना कुदळेंनी विचारलं, "काय तात्या, कुठलं टाकलं पहिलं?"

"पोरीचं पोरगीच ठरवती. मला काय त्यातलं कळतंय?"

"बरोबर आहे, बरोबर आहे," कुदळे म्हणाले आणि आमच्या जागेवर जाऊन बसले.

तात्या एक गोष्ट विसरले होते. कुदळेही मोशीचेच. त्यांचंही बालपण बैलबाजारात गेलेलं, आणि वर पोलिसात नोकरी. टॉवेल दोनदा कसा हलला ते त्यांनी बाकड्यावरून बघितलं होतं. मयूरीची दहा नावं आणि माझी दहा नावं आम्ही दोघींनी एकत्रच काढली होती. त्याच क्रमानं.

*

यादी लागेपर्यंतचे दिवस तात्यांनी प्रबोधनचा भाव पाडण्यात घालवले.

मावशीकडं जायचा रस्ता प्रबोधनवरून जायचा. गाडी कॉलेजजवळ आली की तात्या म्हणायचे, "तोंड फिरव." मग मी समोरच्या पंक्चरच्या दुकानाकडं बघायची. तो पंक्चरवाला शेवटी मला ओळखायला लागला.

एकदा तात्यांनी गेटजवळ गाडीच थांबवली आणि वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं, "छे! भिंतीला केवढी ओल. आणि ग्राउंड? ह्याला ग्राउंड म्हणायचं? आमच्या गोठ्याचं अंगण मोठं हाय."

वॉचमन तंबाखू मळत होता. त्यानं विचारलं, "काय काम आहे?"

"काय नाय. बघतोय नुसतं. घ्यायचं नाय."

"काय घ्यायचं नाही?"

"तुमचं कॉलेज."

वॉचमननं तंबाखू तोंडात टाकली. "मग नका घेऊ. पण गाडी गेटातून काढा."

"बघितलंस?" पुढं गेल्यावर तात्या म्हणाले. "जरा ढिला पडला."

तिकडं आळीत वेगळंच चाललं होतं. कुदळेंनी मेव्हण्याला सांगितलं, कुणाला बोलू नको, तात्यांनी यमुनाबाई टाकलंय पहिलं. मेव्हण्याची मुलगीही दहावीची. त्याच्या बायकोनं पिठाच्या गिरणीवर सांगितलं. मग आळीतली शहाणी माणसं एकेक करून शफीकभाईकडं जायला लागली. प्रत्येकजण जाताना घरातला टॉवेल घेऊन. शफीकभाई म्हणायचा, त्या आठवड्यात माझा हात इतक्या लोकांनी धरला की बायकोनं विचारलं, दुकानात नक्की चालतं काय?

*

यादी लागली त्या सकाळी आई भाकरी थापत होती. मेसेज तात्यांच्या फोनवर आला. मी मोठ्यानं वाचला.

"अभिनंदन. तुम्हाला तुमच्या पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आहे."

आईचे हात थांबले. तात्यांच्या हातातला चहा थांबला.

"परत वाच," तात्या म्हणाले.

मी परत वाचलं. खाली नावही होतं. कै. यमुनाबाई वाळुंज.

"पहिल्याच बोलीला दिलं?" तात्यांना खरोखर धक्का बसला होता. "ना घासाघीस, ना काही? मंदे, पहिल्या बोलीला कुणी माल देत असेल तर समजायचं मालात खोट हाय."

"मालात कशाला?" आई म्हणाली. "गिऱ्हाइकात हाय."

आणि तिनं भाकरी तव्यावर अशी टाकली की तव्यानं उत्तर द्यावं.

तेव्हापासून मी तात्यांशी बोलायचंच बंद केलं. भांडले असते तर त्यांनी घासाघीस केली असती. गप्प बसणाऱ्याशी कसं बोलायचं हे त्यांना बाजारात कुणी शिकवलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही मार्गदर्शन केंद्रात. एका शाळेच्या हॉलमध्ये टेबलं लावली होती आणि टेबलामागं गुजर मॅडम. समोर एवढी रांग की मॅडमच्या पुढ्यातला पोह्यांचा डबा सकाळपासून उघडलेला होता आणि त्यातला पोहा हललेला नव्हता.

रांगेत आमच्या पुढं कुदळे आणि मयूरी. मागं मेव्हणा. त्याच्या मागं गिरणीवाल्याचं कुटुंब. बहुतेक आळीच होती. सगळे एकमेकांना बघून आधी दचकले, मग नमस्कार केला.

"तुम्ही पण?" तात्यांनी विचारलं.

"तुमच्यामुळंच की," कुदळे दात खाऊन म्हणाले. "दोनदा पंजा दाबला होतात ना?"

"तुम्ही टॉवेल वाचलात?" तात्यांचा आवाज चढला. "हवालदार, टॉवेलाखालचं वाचायचं नसतं! एवढी पण रीत ठेवली नाय?"

"मला काय माहीत तुम्ही पोरीचंच वाटोळं करताय? मला वाटलं तुम्हाला काहीतरी माहिती आहे!"

"पुढचे!" गुजर मॅडम ओरडल्या.

दोन्ही घरं एकदमच टेबलापाशी गेली. मॅडमनी दोन्ही कागद बघितले, मग चष्मा काढून आमच्याकडं बघितलं.

"एकोणनव्वद टक्के आणि एक्क्याण्णव टक्के. आणि पहिल्या नंबरला यमुनाबाई? मुलींनो, तुम्हाला कुणी धमकी दिली होती का?"

मयूरीनं वडिलांकडं बघितलं. मी छताकडं.

"मॅडम, ते आम्हाला पाहिजे नव्हतं," तात्या म्हणाले.

"मग पहिलं का लिहिलं?"

"पाहिजे नव्हतं म्हणूनच पहिलं लिवलं."

मॅडमनी पोह्यांच्या डब्याचं झाकण लावून टाकलं. "दादा, ह्यात पहिलं म्हणजे पहिलं असतं. कॉम्प्युटर मार्क बघतो, तुम्ही पहिलं काय मागितलंय ते बघतो, जागा असेल तर देऊन टाकतो. नसेल तरच दुसऱ्याकडं जातो. एवढंच आहे."

"म्हणजे त्याला वाटलं आम्ही खरं सांगतोय?"

"हो."

"आम्ही सांगू ते त्याला खरंच वाटतं?"

"हो."

"आणि असल्या भोळ्या माणसाच्या हातात तुम्ही पोरांची ॲडमिशनं दिलीत?"

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मग त्यांनी स्क्रीनवर काहीतरी काढलं आणि जे सांगायला नको होतं ते सांगितलं. "प्रबोधनचा कटऑफ ह्या वर्षी अठ्ठ्याऐंशीवर आलाय. मागच्या वर्षी नव्वद होता. तुमच्या भागातल्या मुलांनी ह्या वेळी पहिलं टाकलंच नाही म्हणे. नुसतं सरळ लिहिलं असतंत तर दोघींनाही मिळालं असतं."

आळीनं मिळून प्रबोधनचा भाव खरंच पाडला होता. फक्त माल दुसऱ्यांनी उचलला.

मग तात्यांनी एक गोष्ट केली. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. मला वाटलं आता हे मॅडमच्या हातावर टाकतात की काय. कुदळेंनाही तेच वाटलं असणार, कारण ते पटकन पुढं झाले. पण तात्यांनी टॉवेलाची घडी केली, काखेत धरली आणि दोन्ही हात मोकळे टेबलावर ठेवले.

"मॅडम, मला प्रबोधन पाहिजे," ते म्हणाले. मोठ्यानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "माझ्या पोरीला पाचवीपासनं तेच पाहिजे होतं. मलाही तेच पाहिजे. आम्हाला दुसरं काहीच नको होतं."

तात्यांना मी त्याआधी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. आईला बघायला गेले तेव्हासुद्धा ते तिच्या वडलांना म्हणाले होते, तुमची धाकटी बघायला आलोय.

गुजर मॅडमनी मान खाली घातली. "हे तुम्ही इथं सांगून उपयोग नाही हो. तिथं फॉर्मवर सांगायचं होतं. मी काही करू शकत नाही. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत यमुनाबाईला जाऊन ॲडमिशन घ्या, नाहीतर सोडून द्या. सोडलं तर शेवटच्या फेरीपर्यंत थांबायचं. तेव्हा सायन्सला काय उरलं असेल, मी सांगू शकत नाही. कदाचित काहीच नाही."

*

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही यमुनाबाई बघायला गेलो. तात्या आणि मी स्प्लेंडरवर, कुदळे आणि मयूरी मागं बुलेटवर. कुदळेंना पुन्हा ड्युटीवर जायचं होतं म्हणून वर्दीतच.

पत्ता बरोबर होता, पण समोर कॉलेज नव्हतं. यमुनाई मंगल कार्यालय होतं. आषाढ लागायच्या आत उरकायची म्हणून धडाधड लग्नं चालली होती, त्यातलंच एक आत चालू होतं. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या बाईनं आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. पुढं फेटा बांधलेला एक माणूस आडवा आला.

"या या! मुलाकडचे का मुलीकडचे?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

"मुलीकडचे," तात्या म्हणाले.

"मग डावीकडं बसा. पंगत मांडलीच आहे."

काही बोलायच्या आत आमच्यापुढं पत्रावळी आल्या. कुदळे म्हणाले आधी चौकशी करू, पण तोवर मसालेभात वाढून झाला होता आणि अन्न टाकून उठायचं बरं दिसत नाही. म्हणून जेवलो. मठ्ठा वाढायला एक चष्म्याचे गृहस्थ आले. त्यांनी मठ्ठा इतका जपून वाढला की थेंबही बाहेर गेला नाही.

जेवून आम्ही काउंटरवर गेलो. तिथं वाळुंज शेठ बसले होते. कार्यालयही त्यांचं आणि कॉलेजही त्यांचंच. त्यांनी तात्यांना बघितलं, आम्हा दोघींना बघितलं, मागं कुदळेंची वर्दी बघितली आणि उभेच राहिले.

"साहेब, आधार कार्ड बघितल्याशिवाय आम्ही हॉल देत नाही. अठराच्या आतली एकही पोरगी ह्या स्टेजवर चढलेली नाही, आईशप्पथ."

"लग्न नाही," कुदळे म्हणाले. "ॲडमिशन."

"हां, ॲडमिशन!" शेठ बसले. "मग घाबरवता कशाला? कुठल्या क्लासकडून आलात?"

"क्लासकडून नाही आलो."

"अहो, मुलं क्लासला जातात, इथं फक्त नाव असतं. हजेरीची काळजी करू नका, आम्ही बघतो. दोन वर्षांनी परीक्षेला या."

"आम्ही क्लासला नाही जाणार," मयूरी म्हणाली. "कॉलेजला येणार."

"इथं?"

"हो."

"रोज?"

"हो."

"का?"

शेठ काळजीत पडले. बाकड्याची ऑर्डर द्यावी लागेल असा काहीतरी हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चालला होता. मग त्यांनी पंगतीकडं बघून हाक मारली, "दिवटे सर! ओ दिवटे सर! विद्यार्थी आलेत!"

मठ्ठ्याची बादली घेतलेले गृहस्थ थांबले. बादली खाली ठेवली. आणि अक्षरशः पळत आले, ओगराळं हातातच.

"कोण? ह्या? खऱ्या?"

दिवटे सर बायोलॉजीचे. दोन वर्षं तिथं होते आणि दोन वर्षांत वर्गात बसून शिकणारं कुणी त्यांना मिळालं नव्हतं. लग्नसराईत शेठ त्यांना वाढपी म्हणून उभं करायचे. लॅब आहे का, असं मी विचारलं. यादी लागल्यापासून बापाच्या देखत मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"आहे ना! या, या!"

लॅब म्हणजे वधूपक्षाची खोली. लग्न नसेल तेव्हा लॅब. दारावर सरांनी हळूच टकटक केलं. आत नवरी तयार होऊन बसली होती, मुंडावळ्या बांधून. सर म्हणाले, "ताई, एक मिनिट. कपाटातून मायक्रोस्कोप घेऊ का?" नवरी म्हणाली, घ्या की. सरांनी कपाट उघडलं, साड्यांच्या खोक्यांमागून मायक्रोस्कोप काढला, रुमालानं पुसला. काचेवर ठेवायला काही नव्हतं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि दारावरच्या तोरणातल्या झेंडूची एक पाकळी तोडली.

मी डोळा लावला. आधी नुसतं धुकं. सरांनी चाक फिरवलं आणि एकदम दिसलं. पिवळ्या रंगाची लहान लहान घरं, भिंतीला भिंत लावून, लांबच्या लांब. एवढ्याशा पाकळीत आख्खी आळी.

पुढं व्हेटर्नरी कॉलेजला मी ह्याच्या कितीतरी पट भारी मायक्रोस्कोप वापरले. आजही रक्त तपासायला दवाखान्यात एक आहे. पण तसं परत काही दिसलं नाही.

"मला पण बघू द्या," नवरी म्हणाली. मयूरीनं तिच्या मुंडावळ्या धरल्या, तिनं डोळा लावला आणि म्हणाली, "अगं बाई." बाहेरून कुणीतरी ओरडलं, मुलीच्या मामाला बोलवा. नवरी म्हणाली, "थांबा जरा, बघतेय."

तात्या दारात उभे होते. त्यांनी सवयीनं सुरुवात केली.

"खोली बारकी हाय."

"हो, बारकीच आहे," दिवटे सर म्हणाले.

"मशीन एकच."

"एकच आहे."

"पाण्याचा नळ पण नाय."

"नाही. मोरीतून आणावं लागतं. आणि पुढच्या लग्नाला परत सगळं उचलून ठेवावं लागतं." सरांनी ओगराळं कपाटावर ठेवलं. "पण ह्या आल्या तर मी शिकवीन. सगळं शिकवीन. रविवारी पण. तुम्ही यांना पाठवा हो. खरंच पाठवा."

तात्या बघतच राहिले. भाव पाडायला काही शिल्लकच नव्हतं. सगळ्या खोटी विकणाऱ्यानंच कबूल केल्या होत्या आणि वर हात जोडत होता.

बाहेर आल्यावर ते कुदळेंना म्हणाले, "हा माणूस बाजारात उभा केला तर बैल देईल आणि वर घेणाऱ्याला जेवायला घालील."

"जेवायला तर घातलंच की," कुदळे म्हणाले.

*

साडेचार वाजले होते. कार्यालयाच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. पलीकडं कुदळे आणि मयूरीचं काय करायचं ते चाललं होतं. मयूरी हातवारे करत होती. आत मंगलाष्टकं सुरू झाली.

तात्या माझ्यापासून जरा लांब बसले होते. त्यांना मला विचारायचं होतं, पण मी उत्तर देणार नाही हे त्यांना माहीत होतं. दोनदा त्यांनी घसा साफ केला. मग जवळ सरकले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्या हातावर टाकला. त्यांचा हात खालून आत आला.

वर ते समोरच्या मांडवाकडं बघत होते. "हवा बरी हाय," ते म्हणाले.

टॉवेलाखाली त्यांनी माझं एक बोट धरलं. धरून सोडलं. मग दोन बोटं धरली. सोडली. एक म्हणजे हे कॉलेज घ्यायचं. दोन म्हणजे सोडून द्यायचं आणि थांबायचं. मग त्यांनी हात उताणा केला आणि तसाच ठेवला. आता बोली माझी होती.

त्यांचा हात एवढा खरखरीत असतो हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं लोकांनी त्याच हातात बोटं दिली होती. तो आता माझ्या बोटाची वाट बघत होता आणि वरून कुणालाच दिसत नव्हतं. मलासुद्धा दिसत नव्हतं. फक्त कळत होतं.

मी त्यांचं एक बोट धरलं. घट्ट.

बाजाराची रीत अशी की पहिल्या बोलीला दलालानं हात झटकायचा. मी वाट बघितली. त्यांनी हात झटकला नाही. माझ्या बोटांवर त्यांनी त्यांची सगळी बोटं मिटली.

"काय ठरलं ओ तात्या?" पलीकडून कुदळेंनी हाक मारली. त्यांची नजर टॉवेलावरच होती. ह्या वेळी मात्र टॉवेल हललाच नव्हता.

तात्या उठले. टॉवेल खसकन ओढला, तोंडावरून फिरवला, जरा जास्तच वेळ फिरवला, आणि खांद्यावर न टाकता हातातच धरला. मग आख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"एक नंबर!"

आत भटजींनी अंतरपाट धरला होता. त्यांना वाटलं कुणीतरी इशारा केला. त्यांनी तो खाली घेतला, आणि लोकांनी अक्षता टाकल्या.